क्रमांक नऊ कोरा नाही

ज्या अंकाबद्दल हे लिहिते आहे, त्याच्या जगात पाच प्रती उरल्या होत्या. आता चार आहेत, असं तज्ज्ञ सांगतात. पाचवी माझ्या कपाटात, स्वेटरांच्या वरच्या फळीवर आहे. ती धरत नाहीत, कारण ती मी उघडली.

अंक एका इटालियन कलाविषयक मासिकाचा. मासिक म्हणायचं ते मुखपृष्ठावर तसं छापलेलं असायचं म्हणून. सहा वर्षांत त्याचे अकरा क्रमांक झाले आणि अंक निघाले दहा. जुन्या कलेचा निकाल लावायला निघालेल्या तीन तरुणांनी ते काढलं होतं. तिघंही चांगल्या घरचे, तिघंही पुढे प्रसिद्ध झाले आणि तिघांनीही आठवणी लिहिल्या. त्यामुळे त्या मासिकाचा इतिहास जगात भरपूर उपलब्ध आहे. ते जिथे छापलं जायचं त्या छापखान्यातला एक जुळारी, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार, मिसिसागात आमच्या शेजारी राहायचा, ही बाब त्यात नाही.

आम्ही त्यांना घरात ‘आजोबा’ म्हणायचो. कॅनडात आल्यावर त्यांनी चाळीस वर्षं फरश्या बसवल्या. टोरोंटोतल्या निम्म्या वॉशरूम आपल्या हाताखालून गेल्या, असं ते सांगत. मी कधी उलटतपासणी केली नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी दूर, पार पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला होती, आणि ‘बाबा, घर विकून इकडे या’ हा तिचा दर रविवारचा फोन कुंपणापलीकडून मलाही ऐकू यायचा.

ओळख झाली ती लिपीमुळे. उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात मराठी पुस्तक घेऊन बसले होते. वीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या पानाकडे पाहिलं त्यांनी ‘हे हिंदी का?’ एवढंच विचारलं होतं. आजोबा कुंपणावरून वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ही वरची रेघ. हिचा खिळा वेगळा असतो, की प्रत्येक अक्षराला चिकटूनच येते?”

मला उत्तर माहीत नव्हतं. पण असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला चहा द्यावाच लागतो.

मी त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील नांदेडला तार ऑफिसात होते. तीन मित्रांबरोबर त्यांनी सायक्लोस्टाइल करून एक पत्रिका काढली होती, तिचे चार अंक निघाले. अशा प्रकाशनाला आमच्याकडे अनियतकालिक म्हणतात, म्हणजे कधी निघेल याची खात्री नसलेलं नियतकालिक. आजोबांनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला.

“तुमच्याकडे यासाठी एक शब्द आहे?”

“आहे. छापील अर्जावरसुद्धा असतो.”

“आमच्याकडे दर वेळी माफीपत्र छापावं लागायचं,” ते म्हणाले. “ते मीच जुळवायचो.”

त्या दिवसापासून ते मला ‘प्रोफेसोरेस्सा’, म्हणजे प्राध्यापिकाबाई, म्हणू लागले. मी विमा कंपनीत दावे तपासते, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

मासिकाचा खरा इतिहास मी त्यांच्या बेसमेंटमध्ये ऐकला, अंकाअंकाने. पहिल्या अंकात तिघांनी काय काय रद्द केलं याची यादी होती. संग्रहालयं, मोठी अक्षरं, समास, रविवार आणि स्वल्पविराम. समास रद्द झाल्यामुळे मजकूर कागदाच्या कडेला भिडायचा आणि अंक कापताना प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर जायचं. एका समीक्षकाने याला भाषेचा अंगच्छेद म्हटलं. “कटिंग मशीन वाकडं होतं,” आजोबा म्हणाले. तिसरा अंक त्रिकोणी होता, तो पोस्टाने घेतला नाही. तिघांनी पोस्टखात्याविरुद्ध जाहीरनामा काढला. तो चौकोनी असल्यामुळे वेळेवर पोचला. पाचव्या अंकाची प्रत्येक प्रत वेगळी हवी म्हणून मुखपृष्ठावर हाताने रेघोट्या ओढायचं ठरलं. तिघांनी पंधरा-वीस प्रती केल्या आणि जेवायला गेले. आज त्यांच्या हातच्या म्हणून काचेखाली ठेवलेल्या रेघोट्यांतल्या बऱ्याच आजोबांनी ओढलेल्या आहेत. सातवा अंक भांडणात निघालाच नाही. आठव्यात जाहीर केलं की सातवा अंक वाचकाने स्वतः जगायचा आहे.

“मग नववा?” मी विचारलं होतं.

“नववा नंतर,” ते म्हणाले.

तो ‘नंतर’ यायच्या आत टोरोंटोच्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. त्या मासिकावर मोठं प्रदर्शन भरणार होतं. आजोबांकडे अंक आहेत असं त्यांना मुलीकडून कळलं होतं, आणि तिथल्या बाई महिन्याभरात ते पाहायला येणार होत्या. सोबत अंकांची यादी आणि प्रत्येकाची अवस्था लिहून हवी होती. आजोबांचं इंग्रजी फरशीपुरतं होतं. त्यांनी दहाही अंक एका उशीच्या अभ्र्यात घालून मला आणून दिले.

“तू लिही. कुठे फाटलंय, कुठे डाग आहे. तुझं कामच आहे ते.”

खरंच होतं ते. नुकसानीची यादी करण्याचाच मी पगार घेते.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मी बसले. सात अंकांची नोंद झाली आणि नववा हातात आला. जाड पांढरा कागद, वर फक्त आकडा, खाली कोपऱ्यात एक जांभळा रबरी शिक्का. मला तो ग्रंथालयाचा वाटला. आत पानांच्या चार घड्या होत्या. वरची आणि बाजूची कड घडीचीच, न कापलेली. खालच्या कडेला कागदाची पट्टी खळीने चिकटवलेली. कुणीतरी दुरुस्ती केली असणार असं मी धरलं.

आता माझ्या घरच्या वळणाबद्दल सांगायला हवं. वडिलांकडे जुन्या पुस्तकांत अशी कडा न कापलेली पुष्कळ असायची. त्या काळी वाचकाने स्वतःच पानं मोकळी करून घ्यायची असत. एखाद्याच्या कपाटातलं पुस्तक न कापलेलं दिसलं की वडिलांचा चेहरा पडायचा. छापलेलं आणि न उघडलेलं पुस्तक म्हणजे दारात आलेल्या माणसाला बाहेर उभं ठेवणं, असं त्यांना वाटे. त्यांच्या घरच्यांना पिढ्यानपिढ्या असंच बाहेर उभं ठेवलेलं होतं, त्यामुळे ही त्यांची तऱ्हा कुणी थट्टेवारी नेत नसे. सुरी घसरते म्हणून ते पोस्टकार्डाच्या कडेने पानं कापायचे. ते काम मला पाचवीत असताना मिळालं आणि मला त्याचा अभिमान होता.

इथे पोस्टकार्ड नव्हतं. टपालपेटीत पडलेलं एका घरविक्या एजंटाचं जाड चकचकीत कार्ड होतं. त्यावरच्या फोटोतल्या त्याच्या हसऱ्या दातांच्या बाजूने मी नवव्या अंकाच्या चारही घड्या वरून आणि बाजूने स्वच्छ कापल्या. एक धागा सुटला नाही. आत छापील मजकूर होता, दाट, बारीक टाइपातला, इटालियन. मी नोंद केली: ‘उत्तम अवस्था. पाने मोकळी केली आहेत.’

दुपारी अभ्रा परत द्यायला गेले आणि हे त्यांना सांगितलंही. वर “इतकी वर्षं कुणी वाचलाच नाही वाटतं हा?” असं थोडं तोऱ्यात विचारलं.

आजोबांनी नववा अंक हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. मग ते बेसमेंटच्या पायरीवर बसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं.

“शिक्का वाचला नाहीस?”

“ग्रंथालयाचा ना?”

“‘उघडू नये,’” ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते असं. नवव्या अंकाच्या वेळी तिघांचं पुन्हा भांडण झालं आणि मजकूर आलाच नाही. कागद येऊन पडला होता, यंत्र रिकामं होतं. छापखान्यात आजोबांचे वरिष्ठ जुळारी होते, त्यांनीच आजोबांना काम शिकवलेलं. तोपर्यंत त्यांना श्वास पुरेनासा झाला होता. शिशाचं काम, दुसरं काय. ते म्हणाले, तीस वर्षं दुसऱ्यांचं जुळवलं, आज माझं जुळवतो. आणि सरळ खिळ्यांतच, कागदावर न लिहिता, त्यांनी चार पानं जुळवली. दोघांनी मिळून ती कागदाच्या एकाच बाजूला छापली, मालकाच्या नजरेस पडू नये म्हणून छापील बाजू आत घेऊन घड्या घातल्या आणि खालून पट्टी लावून टाकली. नंतर सगळं गुपचूप रद्दीत घालायचं असं ठरलं होतं. पण सोमवारी तिघं एकदमच आले. बाहेरून कोरा, सगळीकडून बंद असा तो गठ्ठा त्यांनी पाहिला आणि तिघांचे डोळे भरून आले. वाचला जाण्यास नकार देणारा अंक! त्यांचं भांडण मिटलं. त्यांनी शिक्का करून आणला. दोघं जुळारी गप्प राहिले, कारण बोलले असते तर नोकरी गेली असती. त्या हिवाळ्यात थोरला जुळारी वारला. त्याने स्वतःचं म्हणून लिहिलेलं जगात तेवढंच आहे, आणि ते जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कोऱ्या अंकात आहे.

“संग्रहालयाची बाई येणार,” आजोबा म्हणाले. “मी तिला सांगणार होतो, तूच तुझ्या हाताने उघड. मी उघडला तर म्हातारा खोटं बोलतो म्हणतील. तिने उघडला असता म्हणजे झालं असतं. मी थांबलो होतो त्यासाठी.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, विचारायचं तरी एकदा.”

“काय विचारायचं? ‘पुस्तक उघडू का’ असं?”

“हो. तसंच.”

“आयुष्यात कुणाला विचारलंय मी ते?”

“म्हणूनच म्हणतो,” तो म्हणाला आणि भांडी आवरायला लागला.

बाई ठरल्या दिवशी आल्या. अंगावर सगळं काळं, चष्मा गोल, आणि बोलणं इतकं हळू की आपणच मोठ्याने श्वास घेतोय असं वाटावं. त्यांनी हातमोजे चढवले. पाचव्या अंकाच्या रेघोट्यांपाशी त्या क्षणभर स्तब्ध उभ्या राहिल्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, पण आम्ही काही बोललो नाही. त्या दिवशी तेवढंच एक खोटं आम्हाला उपयोगी पडण्याजोगं होतं.

मग नववा. त्यांना इटालियन उत्तम येत होतं. चारही पानं त्यांनी शेवटपर्यंत वाचली. आजोबा खुर्चीच्या कडेवर बसून त्यांचे ओठ पाहत होते. त्या थांबत तिथे आजोबाही थांबत.

“फार सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. “कुणी लिहिलं?”

आजोबांनी सगळं सांगितलं, मलाही कळावं म्हणून इंग्रजीत. मी मधे मधे इंग्रजीला हात दिला. बाईंनी मन लावून ऐकलं आणि शेवटी अतिशय मायेने म्हणाल्या, “पण हा क्रमांक नऊ नाही.”

“मीच छापलाय,” आजोबा म्हणाले.

“क्रमांक नऊ कोरा आहे. तिघांनीही आपापल्या आठवणीत तसं लिहिलंय.”

“तिघांनी उघडून पाहिला होता का?” मी विचारलं.

“नाही. उघडायचा नव्हताच तो.”

“मग कोरा आहे हे त्यांना कसं कळलं?”

“त्यांचा तो हेतू होता,” बाई म्हणाल्या.

मी दावे तपासते. रोज माणसं मला सांगतात की पाणी वरून आलं, आणि मी म्हणते, कागद दाखवा. त्या दिवशी पहिल्यांदा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. मी कार्डाने कापल्याचं सांगितलं, कार्डही दाखवलं. बाईंनी ते हातात घेतलं आणि एजंटाच्या दातांकडे बघत विचारलं, कापताना दुसरं कुणी हजर होतं का? नव्हतं. नवरा ग्रोसरी आणायला गेला होता.

कागदाची, शाईची तपासणी होऊ शकते का, असं मी विचारलं. होऊ शकते, त्या म्हणाल्या, पण अस्सल प्रतीशी ताडून पाहावं लागेल.

“मग पाहा ना ताडून.”

“म्हणजे अस्सल प्रत उघडावी लागेल.”

“हो.”

“मग ती क्रमांक नऊ राहणार नाही,” असं म्हणून त्यांनी हातमोजे काढले. बाकीचे नऊ अंक त्यांनी पावती देऊन नेले. नववा पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर ठेवला. याची नोंद करायचीच झाली तर ‘नंतरच्या कुणा अज्ञात व्यक्तीचा हस्तक्षेप’ अशी करता येईल, आणि तोही एक अभ्यासाचा विषय आहे, असं जाताना म्हणाल्या. ती अज्ञात व्यक्ती त्यांच्यासाठी दार उघडून उभी होती.

प्रत बंद असती तर बाई ती उघडायला तयार झाल्या असत्या का, हे मला माहीत नाही. कदाचित तेव्हाही मायेने नाही म्हणाल्या असत्या. पण ‘कदाचित’ हा शब्द माझ्या कामाचा नाही. बंद प्रत होती तोवर आजोबांना थांबता येत होतं. ते थांबणं मी संपवलं.

आजोबांनी घर विकायला काढेपर्यंत दर शनिवारी आम्ही एक काम केलं. ते एकेक वाक्य वाचून मोडक्या इंग्रजीत सांगत आणि मी मराठीत उतरवून घेई. मजकूर गावच्या बोलीत होता, त्यामुळे काही शब्दांसाठी त्यांना उठून अभिनय करावा लागे. त्यात जाहीरनामा नव्हता. सकाळी येतो, एप्रन बांधतो, दूध पितो, कारण शिशावर दूध चांगलं असं मालक म्हणतात, दूध मालक देत नाहीत, असं होतं. लग्नाच्या पत्रिका जुळवल्या, आगगाडीची वेळापत्रकं जुळवली. सख्ख्या भावाच्या निधनाची चौकट जुळवताना त्याच्याच नावात एक अक्षर चुकलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आईच्याही नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. या साहेबांनी स्वल्पविराम रद्द केल्यापासून खिळ्यांच्या खणात पुष्कळ साठलेत, ते मी इथे वापरतो आहे. आणि खरंच, वाक्यं संपतच नव्हती. चार पानांत मोजून पाच पूर्णविराम.

मी मनात म्हटलं, त्या अकरा क्रमांकांत वाचण्यासारखं एवढंच आहे. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? मी तर अज्ञात व्यक्ती.

ऑक्टोबरात मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. अंक त्यांनी माझ्या हातात ठेवला. “तू उघडलास. तूच सांभाळ.”

प्रदर्शन वसंतात भरलं. मी ऑफिसातून दुपारी सुटी घेऊन गेले. क्रमांक नऊ युरोपातल्या कुणाच्या तरी संग्रहातून आणला होता आणि त्याला स्वतंत्र खोली दिली होती. अंधारी खोली, मधोमध काचपेटी, आत तो पांढरा, बंद, शिक्क्यासकट. लोक देवळात गेल्यासारखे हात पुढे धरून उभे होते. पाटीवर लिहिलं होतं: कोरी पाने. मुद्रक: अज्ञात. माझ्या शेजारी एक तरुण बाई डोळे मिटून उभी होती. मी हळूच म्हणाले, “आत मजकूर आहे.” तिने डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, “हो ना? मलाही तसंच जाणवलं.”

मी बाहेर बाकावर बसून कोक्विटलामला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मुलीने फोन त्यांच्या हातात दिला. हिवाळ्यात त्यांची तब्येत उतरली होती आणि आठवणही. ती मला सांगत असे, पण मी ते वरवरच ऐकलं होतं.

“प्रोफेसोरेस्सा, पाहिलंस? किती माणसं आहेत?”

“खूप. नवव्यासाठी अख्खी खोली दिलीय.”

“कोरा अंक,” ते म्हणाले. त्यांचा आवाज खुशीत होता. “मुलीने मला पुस्तक आणून दिलंय प्रदर्शनाचं. त्यात सगळं आहे. आम्ही कोरा अंक काढला होता. दुसऱ्या कुणी काढला नव्हता.”

“आजोबा, कोरा नाही तो. आत मजकूर आहे. तुमच्या वरिष्ठांनी जुळवलेला.”

मागे कुठेतरी कपबशी वाजली.

“ते लिहायचे नाहीत,” आजोबा मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. “ते खिळे जुळवायचे. साधे माणूस होते. लिहिणारे ते तिघं.”

“भावाच्या नावातलं अक्षर चुकलं होतं, आठवतं का?”

“कुणाच्या भावाच्या?”

मी सांगायला लागले. एप्रन, दूध, चौकट. माझं मराठी भाषांतर घरी होतं, त्यामुळे आठवेल तसं, इंग्रजीत. ते “हं, हं” करत राहिले, एखादी बाई आपल्या गावची गोष्ट सांगते आहे ती सभ्यपणे ऐकावी तसे. मधेच मुलीने फोन घेतला. बाबा दमलेत, म्हणाली, आणि थँक यू, त्यांना प्रदर्शनाचं फार कौतुक आहे.

मी परत आत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. काचेजवळ वाकून खालच्या कडेची पट्टी पाहिली. खळ एका कोपऱ्यात पिवळी पडून सुटली होती, नखाने उचलावी इतकी. पहारेकरी पंजाबी होता, माझ्याच वयाचा. माझ्या जवळ येऊन तो हिंदीत म्हणाला, “बहनजी, थोड़ा पीछे।”

मी मागे झाले.